मुकादमाचा गाल

४ मार्च

दादा,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी शिव्या.

तुझ्या पुस्तकातलं एक वाक्य पैलवानाने पाटीवर रंगवून घेतलंय. आपला चुलतभाऊच रे, आयुष्यात एक कुस्ती जिंकला नाही पण नाव चिकटलं ते चिकटलं. कड्याच्या पायथ्याशी त्याने हॉटेल बांधलंय हे तुला ठाऊक असेलच. पुढे मोठी गच्ची, गच्चीवर खुर्च्या, आणि भिंतीवर ही पाटी: ‘हजारो वर्षं निश्चल उभा असलेला हा कडा माणसाला शांत व्हायला शिकवतो.’ खाली तुझं नाव. माणसं त्या पाटीखाली फोटो काढतात.

आणि आता ऐकते की तीस तारखेला तू स्वतः येणार, त्या गच्चीवर बसून पुस्तक वाचणार, दोनशे माणसं ऐकणार. घरी पत्र नाही, फोन नाही. मला कळलं ते दूधवाल्याकडून.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. कार्यक्रम पुढे ढकल. घोडा सुटलाय. विसरला असशील म्हणून सांगते, घोडा म्हणजे गच्चीच्या बरोबर वर मान काढून बसलेला तो ट्रकएवढा दगड. बाबा होते तेव्हा त्याच्यामागच्या फटीत बोट जायचं. परवा मी दुर्बिणीतून पाहिलं, आता तिथे माणूस हात घालून खाजवू शकेल. थंडीत फटीत पाणी गोठलं, फुगलं, आणि ऊन लागलं की काय होतं ते तुला मी सांगायचं का? अर्धं आयुष्य तूही कडा झाडलायस माझ्याबरोबर. दोरावर लोंबकळत, हातोडीने ठोकत, सुटलेला दगड पहारीने खाली लोटत.

यंदा झाडणी लांबलीय. का ते विचारू नकोस. झाडणी होईपर्यंत त्या गच्चीवर बसू नकोस एवढंच.

आई बरी आहे. तुझं नाव काढलं की भांडी जोरात घासते.

तुझी धाकटी

१२ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला डोंगराचं चित्र, दुसऱ्या बाजूला एक ओळ. ‘काळजी कळली. तो कडा मला ओळखतो.’

अरे वा! ओळखतो का! मग त्याला सांग, परवा सकाळी त्याने पैलवानाच्या स्वयंपाकघराचं छप्पर फोडलं. भोपळ्याएवढा दगड. आत कुत्रं झोपलं होतं, ते उठलंच नाही. आचारी चुलीपाशी वाकला होता म्हणून वाचला, त्याच्या पाठीवर कुत्र्याचं रक्त. पैलवान म्हणतो माकडांनी टाकला. मी म्हटलं, माकड तूच.

तू पाठवलेली पुस्तकं मी वाचली, बरं का. तुझं आणि तुझ्या जातभाईंची ती पाच-सहा. सगळ्यांचं एकच. लेखक घामाघूम होऊन वर पोचतो, कड्याच्या टोकावर उभा राहतो आणि त्याला आपण किती क्षुद्र आहोत ते कळतं. मग तो खाली येऊन चहा पितो. कुणी लिहितो रौद्र, कुणी लिहितो रौद्रसुंदर, एकाने तर एका पानात तीनदा ‘काळाकभिन्न’ लिहिलंय. एकाच्याही डोक्यावर दगड पडत नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काय उगीच? तुमचं तर जवळ जाऊनसुद्धा दूरच.

तुझ्या पुस्तकात एक वाक्य खरं आहे. दगडावर दगड आपटला की जळल्यासारखा वास येतो, तो तू लिहिलायस. ते वाचून मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण पुढचं पान उलटलं आणि पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. ‘याच कड्याने एके सकाळी माझ्या वडिलांना कुशीत घेतलं.’

कुशीत! दादा, तू पाहिलं नाहीस, तू तोवर बॅग भरून बस धरली होतीस. मी पाहिलं. बाबांचा चेहरा नव्हता. होता तिथे काही नव्हतं. ओळख पटवली ती बुटाच्या नाडीवरून, कारण ती आईने लाल दोऱ्याने शिवली होती. एक हात आम्हाला संध्याकाळी सापडला, रस्त्याच्या पलीकडे. मी तो ओढणीत गुंडाळून आणला. त्याला तू कूस म्हणतोस? तुझ्या त्या कुशीत तू त्या दिवशी दोर टाकून गेलास म्हणून ते पडले. हे मात्र पुस्तकात नाही.

कार्यक्रम रद्द कर.

धाकटी

१९ मार्च

दादा,

हे पत्र डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

काल मी पहार आणि हातोडी घेऊन गच्चीवर गेले. आधी नीट बोलले. रस्तेवाल्यांच्या इंजिनिअरने काय सांगितलं तेही सांगितलं. तो बिचारा खालूनच मान वर करून बघून गेला आणि म्हणाला, धोका आहे, पण लेखी वरून आल्याशिवाय मी हॉटेल बंद करू शकत नाही. पैलवान दात काढून हसला. म्हणाला, “बये, तुझ्या भावापेक्षा तुला जास्त कळतं का? तो देशोदेशीचे कडे बघून आलाय.” आणि पाटीकडे बोट.

मग मी पाटी फोडली. पहिल्या फटक्यात ‘निश्चल’ गेलं. खुर्च्या फोडल्या, किती ते मोजलं नाही. पैलवानाने मागून केस धरून मला ओढलं आणि कठड्यावर आपटलं. मनगट तिथेच गेलं. खाली पडल्यावर पोटात लाथ घातली. मी पडल्या पडल्या हातोडीचा दांडा फिरवला, तो त्याच्या तोंडावर बसला. पुढचे दोन दात गच्चीवर पडले, रक्तात न्हालेले. ते उचलून तो माझ्याकडे बघत राहिला, लहानपणी गोट्या हरल्यावर बघायचा तसा. मला वाईट वाटलं, अगदी क्षणभर. मग त्याने खुर्चीचा पाय उचलला आणि मला वाईट वाटायचं थांबलं.

पोलिसांनी दोघांनाही दुपारभर एकाच बाकावर बसवून ठेवलं. तो तोंडाला फडकं धरून, मी हात गळ्यात बांधून. इन्स्पेक्टर म्हणाला, घरातली भांडणं घरात मिटवा. आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, “हा घरातला नाही,” “ही घरातली नाही.” बाहेर पडताना पैलवान म्हणाला, कार्यक्रम होणारच, आता तर बघच.

झाडणी का लांबलीय ते आता सांगते, कारण दुसरा उपाय राहिला नाही. माझा दोर धरायला माणूस नाही.

माझी धाकटी जाऊ आठ वर्षं माझा दोर धरतेय. बाबांनंतर मी मुकादम झाले तेव्हापासून. तिचा हात असा की खाली मी शिंकले तरी वर तिला कळतं. गेल्या हंगामात मी तिच्या नवऱ्याला ओल्या भिंतीवर उतरवलं आणि त्याचा पाय मोडला. आता तो लंगडतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी अंगणात टोळी गोल उभी राहिली, आपली रीत तुला ठाऊक आहे: ज्याचं ज्याच्याशी वाकडं त्याने सगळ्यांदेखत बोलून टाकायचं, एक थप्पड मारायची, एक खायची, विषय संपला. मनात ठेवून कुणी कुणाचा दोर धरायचा नाही. तर जाऊ पुढे आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “जाऊबाई, तुम्ही भिंत न ठोकता माझ्या माणसाला खाली सोडलं. गाल पुढे करा.”

मी म्हटलं, मुकादम थप्पड घेत नसतो. बाबांचा नियम.

ती म्हणाली, “मग मी दोर धरत नसते. माझ्या मनात आहे, आणि हातात येईल.” दोर खुंटाला गुंडाळला आणि घरी गेली. टोळीतले बाकीचे बुटांकडे बघत राहिले.

सांग बरं, आज मी तिची घेतली तर उद्या भिंतीवर कोण ऐकेल माझं?

धाकटी

२५ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार पानं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाचून फाडलं, मग जोडून परत वाचलं, तर सगळं सांगायला नको.

तू लिहितोस, ‘तू बाबा झालीस.’ हे तू शिवी म्हणून लिहिलंस ना? बसली, बसली.

हो, मला आठवतंय ती सकाळ. मी काही आंधळी नव्हते. तू गोलातून पुढे गेलास आणि बाबांना म्हणालास, “काल रात्री तुम्ही आईचं डोकं भिंतीवर आपटलंत. गाल पुढे करा.” आणि बाबा हसले. बाबा हसले म्हणून टोळी हसली. तू दोर खाली ठेवलास. ठेवलास, बरोबर, टाकला नाहीस. हा शब्द मी मागे घेते. मग बाबांनी रस्त्यावरचा कुणी मजूर बोलावून त्याच्या हातात दोर दिला आणि खाली उतरले.

पण मुलगा बापाला थप्पड मारतो का रे? असं कुठे असतं? नियमाप्रमाणे तू बरोबर होतास, ठीक आहे, पण नियमाने बाप मेला! आणि एवढं सगळं ठाऊक असून तू लिहितोस काय, तर कूस. तुला त्यांना वाईटही म्हणायचं नव्हतं आणि चांगलंही. म्हणून कड्याला चांगलं म्हणालास. पैलवानाने विश्वास ठेवला. दोनशे माणसं ठेवतील.

तू विचारतोस, काय करू. कार्यक्रम रद्द केला तर पैलवान दुसऱ्या कुणाला बसवून तुझं पुस्तक वाचून घेईल, छापील पत्रकं वाटून झालीत. घोडा पाडणं हाच उपाय. मनगट मी बांधून घेईन, पहार दोन हातांनी लागते पण दीड हात पुरेल. वर दोर धरणारा पाहिजे. जाऊ धरणार नाही, आणि परक्याच्या हातात दोर देऊन उतरायला मी बाबा नाही.

तुझा हात अजून तसा आहे का?

तीस तारखेला सकाळी अंगणात ये. पण आपलं वाकडं आहे, तेव्हा रीतीप्रमाणे व्हायला पाहिजे. मी मारणार हे नक्की. बाकीचं तेव्हा बघू.

धाकटी

२० एप्रिल

दादा,

जाऊ तुझ्याकडे शहरातल्या हॉस्पिटलात जाऊन आली. म्हणाली, डोक्याला मार बसल्यामुळे तुला त्या दिवसाचं काही आठवत नाही. गालावर बोटं कुणाची उमटलीत म्हणून नर्सला विचारत होतास म्हणे. माझी आहेत ती! जपून ठेव.

माझा जबडा तारांनी बांधलाय. नळीने सूप पिते. आयुष्यात पहिल्यांदा घरात शांतता आहे असं आई म्हणते. बोलता येत नाही, तेव्हा सगळं लिहून सांगते.

तू सकाळी अंगणात आलास, पांढऱ्या बुटांत. मी हसले, टोळीही हसली. मग गोल झाला. मी म्हटलं, “तू बाबांना खोटं करून ठेवलंस पुस्तकात, आणि मला त्यांच्याबरोबर एकटीला सोडून गेलास.” आणि मारली. उजव्या हाताने, पट्टी बांधलेल्या. तू हलला नाहीस, पण डोळ्यांत पाणी आलं. मलाच जास्त लागलं.

मग तू म्हणालास, “आता तुझा गाल.”

मी तोंड उघडलं ते मुकादम थप्पड घेत नसतो म्हणायलाच. पण समोर तू, बाजूला जाऊ, आणि दोघांच्या चेहऱ्यावर अगदी एकच भाव. बाबा तेव्हा कुठे उभे होते तिथेच मी उभी होते, विहिरीच्या कठड्यापाशी. घोड्याला घाबरले नव्हते इतकी घाबरले. मी जाऊला म्हटलं, आधी तू. तिने अशी ठेवून दिली की कानात शिट्टी वाजली. तिचीच मान खाली गेली, मग मी तिला एक हलकी दिली, आणि ती रडायला लागली. मग तू. “तू तीच गादी घेतलीस, आणि तोच नियम,” म्हणालास, आणि मारलीस. पेन धरून धरून हात मऊ झाला असेल असं वाटलं होतं. नाही झाला.

आणि मग आई. ती टोळीत कधीच नव्हती. ओट्यावरून उतरली, गोलात आली, आणि तुला दुसऱ्या गालावर एक लगावली. म्हणाली, “कड्याने कुशीत घेतलं म्हणे! मी नव्हतं घेतलं त्या माणसाला कुशीत, इतक्या वर्षांत.” आणि परत जाऊन भांडी घासायला बसली. मग जाऊ हसली, आणि सगळे हसले, आणि तू सगळ्यात जास्त.

दोन्ही गाल सुजलेले घेऊन तू गच्चीवर गेलास. माणसं येऊन बसली होती. तू भोंगा हातात घेऊन म्हणालास, “हा कडा निश्चल नाही. मी लिहिलं ते चूक लिहिलं. उठा, आणि लाल झेंड्याच्या पलीकडे जा.” तुझे गाल बघूनच निम्मी माणसं उठली. पैलवान शिव्या देत होता, त्यालाही दोघांनी धरून नेलं. खालच्या गड्याने झेंडा हलवला, म्हणजे खाली कुणी नाही. तू वर आलास आणि खुंटापाशी बसलास. जाऊने दोर आपणहून तुझ्या हातात दिला आणि स्वतः कडेला हाक द्यायला उभी राहिली. हातमोजे दिले तर म्हणालास, हातमोजे घालून दोर कळत नाही. ते वाक्य बाबांचं.

इथून पुढचं तू वर होतास म्हणून तुला दिसलं नाही. मी पाट्यावर उतरले. तुला आठवतो ना पाटा, घोड्याखालची ती सपाट शिळा, ज्यावर उभं राहून आजोबांनी, बाबांनी, सगळ्यांनी काम केलं. घोड्याच्या फटीत पहार घातली, अंग टाकलं. नाही. जाऊ वरून ओरडत होती, दोर तयार आहे म्हणून. परत टाकलं. घोडा हसल्यासारखा जागच्या जागी. मग मी त्याला हातोडीने ठोकलं. दादा, तो खणखणीत वाजला. फट वरवरची होती. घोडा पक्का आहे, आपल्या नातवंडांना पुरेल.

मला तो जळल्यासारखा वास आला, पण पायाखालून.

पाटा सुटला. आपल्यापैकी एकानेही पाटा कधी ठोकून पाहिला नव्हता. ज्याच्यावर उभं राहायचं त्याला कोण ठोकतं? तो गेला, माझ्यासकट. जाताना दगडाची एक कपची उसळून माझ्या जबड्यावर बसली आणि हाड फुटल्याचा आवाज मी आतून ऐकला. मी पडतेय, पडतेय, आणि मग असा हिसका बसला की बरगड्या मोडल्या. मी लटकले. तोंडातून रक्त आणि दातांचे तुकडे खाली टपटपत होते आणि मी विचार करत होते, याने धरला, याने धरला.

जाऊने मला नंतर सांगितलं. दोराने तुला खुंटापर्यंत फरफटत नेलं, डोकं आपटलं, तरी तू सोडला नाहीस. तळव्यांचं कातडं दोराला चिकटून गेलं. उजव्या हाताची दोन बोटं दोराच्या वेढ्यात अडकून तुटली. एक जाऊने शोधून डब्यात घालून नेलं, पण डॉक्टर म्हणाले उपयोग नाही.

आणि पैलवान. झेंडा हलल्यावर तो मागच्या दाराने परत गच्चीवर गेला आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला, जगाला दाखवायला. पाटा गच्ची फोडून खाली गेला. त्याचा डावा पाय मांडीपासून गेला. रक्ताचं थारोळं, त्यात तो बसलेला, शुद्धीवर, आणि वर माझ्याकडे बघतोय. मी वर लोंबकळतेय.

तू जाऊकडून निरोप दिलास, की नव्या आवृत्तीत त्या वाक्याऐवजी काय घालू. हे घाल: ‘माझे वडील कड्यावरून पडले. दोर परक्याच्या हातात होता, कारण घरच्याची थप्पड त्यांनी घेतली नाही.’ शोभिवंत नाही, पण खरं आहे. लिहिता येत नसेल तर बोल, जाऊ लिहून घेईल. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

पैलवानाने निरोप पाठवलाय. पाय गेला, हात शाबूत आहे, जबडा बरा झाला की ये. आईने विचारलं, जाणार का? मी हो म्हणून मान डोलावली. पण मला भीती वाटते. झेंडा पाहून मी उतरले, चूक त्याची. पण पाटा न ठोकता उभी राहिले, ती माझी. त्याने मारली नाही तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही.

धाकटी

९ जून

दादा,

तारा निघाल्या. काल पैलवानाकडे गेले.

तो चाकाच्या खुर्चीत बसला होता, अंगणात. बायकोने मला पाहिलं आणि आत निघून गेली. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, म्हणजे गाल त्याच्या हाताच्या उंचीला येईल. मी म्हटलं, रीत आहे, आधी बोलायचं. तोंड नीट उघडत नव्हतं, शब्द बोबडे आले.

तो म्हणाला, “मी तुमच्या टोळीत नाही. मला कधी घेतलं होतं? तुझे बाबा म्हणायचे याचा हात परका. दोर धरायला कधी बोलावलं नाही तुम्ही मला, त्या दिवशीसुद्धा. वाटेवरचा मजूर बोलावला.” आणि पुढचे दात नसलेलं तोंड त्याने दुसरीकडे फिरवलं. मला हे ठाऊक नव्हतं, दादा. तुला होतं का?

मग त्याने मारली. सगळं अंग घालून मारली, इतकी वर्षं साठवलेली. जबड्यात वीज गेली. आणि एकच पाय असल्यामुळे तोल गेला, खुर्ची उलटली, आणि तो तोंडावर आपटायच्या बेतात होता.

मी धरला. मनगट अजून दुखतं, तरी धरला. दोघंही धुळीत पडलो. तो माझ्या खांद्यावर ओरडत होता, सोड, सोड म्हणून.

नाही सोडला.

पुढच्या हंगामात तो खुंटापाशी बसेल. जाऊ त्याला शिकवतेय. तू ये, नवा पाटा शोधायचाय, आणि या वेळी आधी ठोकून बघू.

तुझी धाकटी